दामोदरशेठ घरोघरी

जेवताना जावयाने बोलू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. सासुरवाडीला तर नाहीच नाही, आणि ताटात तळलेलं पापलेट असेल तर तोंड फक्त खायला उघडावं. पापलेट पोटात गेलं की माणसाचं मन उगाच मोठं होतं, आणि त्या मोठ्या मनाने दिलेला शब्द पुढे छोट्या अकलेने निभवावा लागतो.

माझी सासुरवाडी घिवलीची. मी राहतो बोईसरला. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे, आणि नटबोल्ट देण्याघेण्यापलीकडे माझा कुठल्याही नटाशी संबंध नव्हता. सासरे मात्र अस्सल नट. कमलाकांत म्हटलं की घिवलीत कुणी चिकूच्या वाडीबद्दल बोलत नाही, ‘हाव सुटली दामोदराला’बद्दल बोलतात. देवीच्या पालखीला गावचं मंडळ हे नाटक करतं आणि दामोदरशेठ म्हणजे आमचे मामा, म्हणजे हेच सासरे. हा दामोदर लोकांना दामदुप्पट देतो सांगून पैसे गोळा करतो, विधवेला बुडवतो, सख्ख्या भावाला बुडवतो, आणि शेवटच्या अंकात रिकाम्या ट्रंकेला मिठी मारून मरतो. मध्ये एकदा मंडळाने दुसरं नाटक बसवायचा प्रयत्न केला होता. लोक पहिला अंक शांत बसले आणि मग विचारायला लागले की दामोदर कधी मरणार.

यंदा मामांनी नाटक संपल्यावर तोंडाच्या रंगासकट जाहीर करून टाकलं की हा शेवटचा दामोदर, आता दम पुरत नाही. लोक हळहळले. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो होतो, आणि मी आपलं कौतुक म्हणून बोलून गेलो की मामी, काल मामांनी मरताना काय डोळे फिरवले, वा.

मामी म्हणजे नलूमामी, माझ्या सासूबाई. त्या मला वाढता वाढता थांबल्या. म्हणाल्या, “फिरवले काय डोळे? मला कुठं दिसतंय.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लग्न होऊन आल्यापासून मामी या नाटकाच्या प्रॉम्प्टर. उजव्या विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही, हातात बॅटरी, आणि प्रत्येक वाक्य आधी आपण हळूच म्हणायचं. नाटक समोरून बघायची त्यांच्यावर वेळच आली नाही. “मी या मानसाचा उजवा कान बघितलाय नि अर्धी मिशी,” त्या म्हणाल्या. “डावी बाजू लोकांची.” मामा ताटाकडे बघत म्हणाले, की हिला उगाच बसवतो, बायकामाणसाचं मन राहावं म्हणून. मला पाठांतर आहे. एक शब्द कधी घेतला नाही.

मामी काही बोलल्या नाहीत. मामींनी मला दुसरा तुकडा वाढला, आणि मी फसलो. मी म्हटलं, मामी, आपण नाटकाचं शूटिंग केलंय, मी त्याची शीडी (सीडी हो, आमच्याकडे शीडीच म्हणतात) काढतो, तुम्ही घरी पाय पसरून बसा आणि दामोदरशेठ समोरून बघा. मामींच्या डोळ्यांत जे काही आलं ते बघून मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं. माझी बायको हेमांगी मात्र माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी गॅस चालू ठेवून घराबाहेर पडलोय.

आता शीडीच का? तर मामींच्या मोबाइलवर चित्र बोटाएवढं दिसतं आणि वाडीत रेंज फक्त विहिरीच्या काठावर येते. टीव्हीखाली आमच्या लग्नातला प्लेअर अजून आहे. तेव्हा शीडी. एक शीडी. मी हे आवर्जून सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात माझा मूळ हेतू एकाच शीडीचा होता यावर आता घरातही कुणी विश्वास ठेवत नाही.

शूटिंग केलं होतं प्रीतमने. त्याचा कुंभवली नाक्याजवळ स्टुडिओ आहे, लग्नाच्या सीझनला तो सापडत नाही, पण मला सापडला. त्याने कॉम्प्युटरवर नाटक लावलं. पडदा उघडला, दामोदरशेठ आले, आणि एका बाईचा आवाज खणखणीत आला: “सोन्या, कुठे मेलास?” त्यानंतर लांबून, विहिरीतून आल्यासारखे मामा म्हणाले, सोन्या, कुठे मेलास. मग पुन्हा बाई. मग पुन्हा विहीर. मला काही कळेना. मी विचारलं, ही बाई कोण?

प्रीतम म्हणाला, भाऊ, समोर समुद्राचा वारा एवढा, की माइकमध्ये नुसतं फुर्र फुर्र. म्हणून मी माइक विंगेच्या बांबूला बांधला.

त्या बांबूखाली मामींचं स्टूल.

म्हणजे मामांचं नाटक मामींच्या आवाजात भरलं होतं. एक शब्द कधी न घेणाऱ्या माणसाचा शब्दन् शब्द त्यात घेतलेला ऐकू येत होता. गावाला त्या रात्री फक्त मामांचा आवाज गेला होता, कारण मामा रंगमंचावर ओरडत होते. शीडी ऐकली तर सगळ्या आयुष्याचं पाठांतर एका दुपारी उघडं पडणार. मी कपाळावर हात मारला. प्रीतमने मला धीर दिला. कॉम्प्युटरला सांगितलं की तो दोन आवाज सुटे करतो. मुख्य आवाज कोणता ते त्याचं तोच ओळखतो, दुसरा पुसून टाकतो. मी म्हटलं, कर बाबा, आणि कुणाला बोलू नकोस.

तो बोलला नाही. पण मी आमच्या बिल्डिंगमध्ये मेहुलला बोललो. मेहुल आमच्या शेजारचा, मोबाइलचं दुकान आहे, आणि कुठल्याही गोष्टीचा धंदा कसा होईल हे त्याला ती गोष्ट ऐकायच्या आधी सुचतं. मी त्याला कोरी शीडी मिळेल का एवढंच विचारलं होतं. तो म्हणाला, “प्रतापभाई, एक शीडी कोण काढतो? एकाला जो त्रास तोच शंभराला.” पालघरला त्याच्या मावसभावाच्या गोडाऊनमध्ये कोऱ्या शीड्यांची अख्खी पेटी पडून होती. सुटी देत नव्हता. कुणी घेतच नव्हतं, त्यामुळे स्वस्तात देत होता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पण मला हाव सुटली होती. खोटं कशाला बोलू? मी स्कूटरवर पेटी पुढ्यात घेऊन येताना मनात हिशोब मांडला, की घिवली झाली, मग शिरगाव, मग केळवे, मग डहाणूपर्यंत सगळा किनारा. रात्री हेमांगीला सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, बाबांच्या नाटकात दुसऱ्या अंकात दामोदर अगदी हेच बोलतो, आणि असाच हात हलवतो. मी हात खिशात घातला.

मग बिल्डिंगभर चर्चा झाली. मेहुलच्या बायकोने, हेमालीने, शीडी घ्यायचं कबूल केलं, पण त्यांचा प्लेअर देव्हाऱ्याखाली पाट म्हणून लावलेला होता आणि देव हलवायला सासू तयार नव्हती. बाकी कुणाकडे प्लेअरच नव्हता. तरी सल्ले सगळ्यांकडे होते. तळमजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, सेन्सॉरच्या सर्टिफिकेटशिवाय काढलीत तर आत जाल. म्हणून मी रजा टाकून पालघरला एका सरकारी कचेरीत गेलो. पहिल्या टेबलाने विचारलं, नाटक आहे की सिनेमा? मी म्हटलं, नाटकाचा सिनेमा. त्याने मला दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं. दुसरं टेबल म्हणालं, नाटक असेल तर प्रयोग कुठे? म्हटलं, प्रयोग होऊन गेला. मग परवानगी कशाला? म्हटलं, शीडी घरी बघायची आहे. ते गृहस्थ पेन खाली ठेवून शांतपणे म्हणाले, अहो, तुम्ही तुमच्या घरी काय बघता ते मला का सांगताय? मी काहीतरी अश्लील विचारायला आलो आहे असं रांगेतल्या लोकांना वाटलं असावं, कारण एक बाई सरकून उभी राहिली.

इकडे घिवलीत बातमी पोचली होती. मंडळाचे अध्यक्ष नरहरीभाऊ. त्यांना साधी चावी जरी बनवून घ्यायची असली तरी त्याचा समारंभ करावासा वाटतो. त्यांनी मला फोन करून सांगितलं की शीडीचं प्रकाशन करायचं, देवळापुढच्या मैदानात, मोठ्या पडद्यावर दाखवायचं, तिन्हीसांजेला. मी म्हटलं, भाऊ, मामींना घरी बघायची होती. ते म्हणाले, घरी काय कुणीपण बघतं. आणि त्यांनी बर्फाच्या कारखानदाराची जाहिरात, गॅरेजवाल्याची जाहिरात आणि स्वतःचं छोटंसं भाषण सुरुवातीला टाकायला लावलं. नमनालाच घडाभर तेल गेलं.

आणि बक्षिसं! आमच्याकडे नाटकात नटाचं काम आवडलं की माणूस उठून मंडळाकडे पैसे देतो, आणि मंडळ तिथल्या तिथे नाटक थांबवून माइकवर सांगतं की अमक्यांकडून दामोदरशेठ यांना इतके इतके, मंडळ आभारी आहे. नटाने तेवढ्यात नमस्कार करायचा. मामा मरता मरता उठून बसतात, हात जोडतात, आणि पुन्हा पहिल्यापासून मरतात. यंदा शेवटचा दामोदर म्हणून त्यांना खूप वेळा मरावं लागलं होतं. प्रीतमने ती बक्षिसं कापायचं ठरवलं, म्हणजे नाटक निम्म्यावर आलं असतं. हे कसं कोण जाणे, पण सोजराबाईला कळलं. ती बोईसरच्या बाजारात मासे विकते. विधवेचं काम करणाऱ्या पोरीला तिने भर प्रवेशात पाचशे दिले होते. मी बोंबील निवडायला वाकलो, तर तिने टोपलीवर हात ठेवला. “जावय, माजं नाव रेला ना त्या शीडीत?” मी आपलं चाचरलो. “नाव कापलंस तर हिते येऊ नको. कोबी खा.”

नावं राहिली. सगळ्यांची राहिली. मग कव्हर छापलं. त्यावर बर्फवाले मोठे, नरहरीभाऊ त्याहून मोठे, आणि मामा ट्रंकेवर बसलेले, पोस्टाच्या तिकिटाएवढे. मामांनी ते चष्मा लावून, मग चष्मा काढून बघितलं. नंतर वाडीत गेले आणि बराच वेळ नारळाकडे बघत उभे राहिले. मला वाईट वाटलं. एका चांगल्या माणसाचा शेवटचा दामोदर, आणि मी त्याचं काय करून बसलो होतो.

एवढी एकच आशा होती, की आवाज साफ झालाय. प्रीतम म्हणाला, एकदम झकास झालाय, ऐकून घ्या. मी ऐकलं. बर्फवाले ऐकले, गॅरेजवाले ऐकले, नरहरीभाऊंचं भाषण शेवटपर्यंत ऐकलं, आणि त्यानंतर कुठल्याही माणसाची ऐकण्याची ताकद संपते. मी म्हटलं, छान झालंय.

प्रकाशनाला सगळं गाव लोटलं. पुढच्या रांगेत मधोमध मामी, नवं लुगडं नेसून, हातात काही नाही म्हणून हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. त्या सारख्या मांडीवर वही चाचपत होत्या. मामा सत्कारमूर्ती म्हणून पडद्याच्या बाजूला खुर्चीवर, गळ्यात हार. मी प्रोजेक्टरपाशी, कॉलर ताठ. शाल-श्रीफळ झालं, जाहिराती झाल्या, भाषणाचं भाषण झालं. पडदा उघडला. दामोदरशेठ आले. हे मोठे, भिंतीएवढे, मिशीवर ताव देत. त्यांनी तोंड उघडलं आणि मैदानभर नलूमामी म्हणाल्या:

“सोन्या, कुठे मेलास?”

दामोदरशेठने छाती पुढे काढली. मामी म्हणाल्या, “माझ्या पैशाला कोण हात लावतो बघतो मी. फुडं या. अजून फुडं. धोतर सांभाळा.”

मुख्य आवाज कोणता ते कॉम्प्युटरने ओळखलं होतं. त्या घरातला मुख्य आवाज कोणता हे मला इतक्या वर्षांत नक्की सांगता आलं नव्हतं, त्याला बरोबर कळलं. मामांचा आवाज त्याने मागची गडबड समजून पुसून काढला होता. एवढा मिशाळ दामोदर बाईच्या आवाजात विधवेला लुबाडत होता आणि मध्येच स्वतःला “आता रडू नका, रडनं फुडल्या पानावर हाय” असं बजावत होता. मैदान हसून लोळायला लागलं. नरहरीभाऊ मला खुणा करत होते, पण बंद कर म्हणत होते की चालू ठेव, काही कळत नव्हतं. मामींनी पदर तोंडावर घेतला होता. आणि मामा खुर्चीत बसून होते, हार गळ्यात, मान खाली. इतकी वर्षं सांगितलेलं पाठांतर त्यांच्याच बायकोच्या आवाजात गावभर फुटत होतं, आणि ते फोडायला मी पदरचा पैसा घातला होता.

मी धावत जाऊन आवाज बंद केला. चित्र चालूच राहिलं, कारण ते कसं थांबवायचं ते प्रीतमलाच ठाऊक होतं आणि प्रीतम गर्दीत दिसेनासा झाला होता. आता दामोदरशेठ नुसतेच ओठ हलवत होते. हसणं हळूहळू थांबलं. लोक चुळबुळायला लागले, मागचे उठायला लागले. पुढे सरकवायचं बटण तेवढं मला सापडलं, म्हणून मी शीडी सरकवून सरकवून शेवटच्या अंकावर नेली, म्हणजे एकदाचा मरेल आणि संपेल. पडद्यावर ट्रंक आली. मामा ट्रंकेपाशी गुडघे टेकून बसले. ओठ हलले.

आणि पुढच्या रांगेतून, अगदी हळू, सवयीने, मामी म्हणाल्या, “उघडली गं...”

त्यांनी मुद्दाम म्हटलं नसावं. वेळ झाली की तोंडून येत असावं. पण खुर्चीतले मामा तो शब्द ऐकून उठले. हार काढून बाजूला ठेवला. “उघडली गं, उघडली,” ते म्हणाले, “आणि आत बघतो तर माझंच तोंड!” आवाज मैदानाच्या टोकापर्यंत गेला. उठलेले लोक होते तिथेच बसले. मग मामींनी पदर खाली घेतला आणि पुढचं वाक्य दिलं. मामांनी घेतलं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. मामी सांगत होत्या आणि मामा बोलत होते, मागे भिंतीएवढा दामोदर मुक्याने मरत होता आणि पुढे हा आमचा दामोदर, मिशीशिवाय, पायजम्यात, दम लागला की मामींकडे बघून थांबत होता. मामी थांबून वाट बघत होत्या. कुणी हसलं नाही. सोजराबाई डोळे पुसत उठली आणि तिने नरहरीभाऊंच्या हातात नोट कोंबली. नरहरीभाऊंनी माइक घेतला. सोजराबाईंकडून दामोदरशेठ यांना पाचशे एक रुपये, मंडळ आभारी आहे. मामा मरता मरता उठले, हात जोडले, आणि पुन्हा पहिल्यापासून मेले.

शीडी एकही खपली नाही. हे मी मोठ्या मनाने सांगतो. मेहुलला मात्र त्यातही धंदा दिसला. त्याने मला सांगितलं की चिकूवर पाखरं येतात, त्यांना चकाकणारी वस्तू चालत नाही. आता घिवलीत कुणाच्याही वाडीत जा, फांद्यांना दोरीने दामोदरशेठ टांगलेले आहेत. वारा आला की फिरतात आणि उन्हात झळकतात. घरोघरी पोचवायचे होते, पोचले. पाखरं किती घाबरतात याबद्दल मतभेद आहेत.

परवा आम्ही गेलो होतो. मामा ओसरीवर बसून ‘हाव सुटली दामोदराला’ची वही उघडून पाठ करत होते. पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहणार म्हणे. दमाचं काय, विचारलं, तर म्हणाले, दम लागला तर थांबायचं, ती असते. एवढं उघड त्यांना मी कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

जेवायला बसलो. पापलेट होतं. मी तोंड उघडायचं नाही असं ठरवून बसलो होतो, पण राहवेना. म्हटलं, मामी, माझ्यामुळे एवढा घोळ झाला, पण निदान पडद्यावर का होईना, मामा एकदा समोरून बघितलेत ना?

“बघितले,” मामी म्हणाल्या. त्यांनी मामांच्या ताटात आमटी वाढली. “डावी मिशी वाकडी.”

मामा जेवत राहिले.

“मला वाटलं त्या दिवशी निसटली असंल,” मामी मला सांगायला लागल्या. “म्हनून जुने फोटो काढून बघितले. पयल्यापासनं वाकडीच हाय. दर वर्षी. आनि मी हिते जन्मभर समजतेय, काय सरळ मिशी लावतो मानूस.” त्या मामांकडे वळल्या. “इतक्या लोकांसमोर वाकडी जाता, नि माज्या बाजूची तेवडी सरळ?”

मामांनी भात कालवला, घास घेतला, सावकाश गिळला.

“लोक नाटक बघतात,” ते म्हणाले. “मिशी तूच बघतेस.”

मामींनी त्यांच्या ताटात पापलेटचा तुकडा वाढला. खरं तर तो माझ्यासाठी उचलला होता.